पयला कप कुणाच्या हाती

मिरजंत तंबोऱ्याचं भोपळं वाळत घालत्यात त्या गल्लीत वरच्या मजल्याला एक हॉल हाय. तितं कुंग फू शिकवत्यात, चीनकडची मारामारी. आठ वर्सं झाली, मी तितं झाडलोट करती आन चा करती. पोरगा-सून गलाईच्या, सोनं-चांदी गाळायच्या कामाला लांबच्या मुलखात हायती, नात माझ्यापाशी. कामावर येताना तिला संगं आनायची. कोपऱ्यात बसून बसून एक दिस ती बी लायनीत हुबी ऱ्हायली.

तितल्या गुरूला सिफू म्हनत्यात. गुरू बी आन बाप बी. मंग शिकनारी सगळी भावंडं. पर थोरलं-धाकलं वयावर न्हाई. जो आदी आला त्यो थोरला. मागनं चाळीस वर्साचा बाप्या आला तरी त्यानं धा वर्साच्या पोरीला सिजे म्हनायचं, म्हंजी थोरली ताई. थोरला भाऊ असंल तर सिहिंग.

मला ह्ये कुणी समजवावं लागलं न्हाई. आटपाडीकडं सासरी मी धाकली सून. थोरली जाऊ माझ्यापरीस चार वर्सांनी ल्हान, पर थोरल्या दिराची बायकू. तिच्या पाया पडायचं. ती जेवल्याबिगार ताटाला हात लावायचा न्हाई. एकदा मेंढरामागनं दोन दिस हिंडून आले, पाय फुटल्याले, तर ती झोपल्याली. चुलीपाशी बसले ती उठूस्तवर. असं लय दिस काढलं. म्हनून माझ्या नातीला कुणी सिजे म्हनलं की हातातला झाडू घडीभर थांबायचा.

पर पक्का चेला व्हायला चा द्यावा लागतो. गुडघ्यावर बसून दोनी हातानं कप द्यायचा. सिफूनं घोट घेतला की त्यो त्यांच्या घरातला. आन घोटाच्या पाळीवर थोरलं-धाकलं कायमचं ठरतं. सिफू गावाला गेलं की थोरल्यानंच वर्ग घ्यायचा. आमच्या हॉलात पयल्यांदा चा ठरला तवा दोगंच हुती. माझी नात आन नदीकाठच्या ऊसवाल्यांचा एक पोरगा. त्यो तिच्या मागनं सा महिन्यांनी आल्याला. म्हंजी पयला कप तिचा. महिनाभर ती घरात पान्याचा पेला घिऊन गुडघ्यावर बसायची, थेंब सांडू द्यायची न्हाई.

त्या दिशी सिफू म्हनलं, चा कोरा करा. आमच्यात कोरा चा मयताच्या घरी करत्यात. सकाळपासनं माझा जीव थाऱ्यावर न्हवता. त्या पोराचं वडील, चुलतं, मिलिटरीतलं मामा, सगळी इस्त्रीची कापडं घालून सतरंजीवर बसल्याली. मी दोन कप भरलं. दोगं दाराशी हुबी, नात फुडं, पोरगा मागं.

आन मी कप उचलला, नातीच्या डोक्यावरनं हात नेला आन पोराच्या हातात दिला.

जलमभर बाप्या मानसाला पयलं वाडलं, हात आपसूक तिकडं गेला. पोरगा थांबला. त्यानं नातीकडं बघितलं. मीच म्हनले, "जा की बाबा, निवतंय."

त्यो गेला. सिफू डोळं मिटून त्यांच्या गुरूच्या फोटूफुडं बसल्यालं. डोळं उघडलं, समोर आल्याला कप घेतला आन घोट घेतला. नातीचा मागनं घेतला.

घरी जाताना आर्ध्या वाटंत ती थांबली. मंग म्हनली, "आज्जी, मी फुडं हुते की गं."

 

दुसऱ्या दिशी सिफूंकडं गेले. म्हनले, चूक माझी हाय, पोरीची न्हाई. पुन्यांदा चा करती, पुन्यांदा घ्या.

त्यांनी सगळं आयकून घेतलं. म्हनलं, "मावशी, मी घोट घेतला. आता त्या पोराला धाकला कसा करू? मी सोता माझ्या गुरूकडं एका दिसानं धाकला हाय. आजून थोरल्याच्या मागंच बसतो."

तीन वर्सं झाली त्याला. सिफू नसलं की वर्ग पोरगा घेतो. पोरगा वाईट न्हाई. एकदा त्यो बाजूला सरकून तिला म्हनला, तू फुडं हो. ती म्हनली, "सिहिंग, जागा तुमची हाय." मान ताठ ठिवून म्हनली. मी दारामागं हुते. त्या दिसापासनं वर्ग चालू असला की मला बसवत न्हाई. जिना उतरती, चढती. झाडल्याली फरशी परत झाडती.

गेल्या महिन्यात परत चा ठरला. नवी तिगं हुती. मी कप भरलं तवर नात आत आली.

"आज्जी, ट्रे ठेव. कप मी देती."

तिनं तिगांना आल्याल्या दिसावर हुबं केलं. सगळ्यात ल्हान पोरगी फुडं, तिच्या मागं दोन थोराड गडी. पयला कप तिनं त्या पोरीच्या हातात दिला आन तिच्या पाठीवर हात ठिवला.

मी गॅसपाशी हुबी. हात पदरात गुंडाळल्यालं, परत आपसूक गड्यांकडं जाऊ नयेत म्हनून.