पाच वीसचा गजर

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी उठून चहा टाकायला जाते... हे आधीच सांगते, म्हणजे नंतर मला वेड्यात काढू नका. राहते बेळगावात, अनगोळला. तपासात जप्त झालेल्या मोबाईलमधून डेटा बाहेर काढणं हे माझं काम. त्यातला एक नियम मोडायचा नाही म्हणजे नाही - फोन लॅबमध्ये चालू करायचा नाही. चालू झाला की आतल्या नोंदी बदलतात आणि कोर्टात पुरावा बाद.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात निपाणीजवळच्या एका खेड्यातून बटणांचा एक फोन तपासणीला आला. कमलाक्का नावाच्या जैन बाईंचा. मे महिन्यात त्या विहिरीत मेलेल्या सापडल्या, अपघात म्हणून नोंद झाली. फोन सापडला तो सहा महिन्यांनी, गाळ काढताना.

त्यांचे धाकटे भाऊ, आप्पा, फोन ओळखायला लॅबमध्ये आले.

"म्याडम, आक्का पाय घसरून पडली न्हाय. बांधावरनं शेजारी लई धमकावत होता तिला."

फोनच्या आतला बोर्ड पार गंजलेला. बॅटरी फुगलेली, ती मी आदल्या दिवशीच काढून वेगळ्या पाकिटात ठेवलेली. फोन दाखवून मी पिशवी पुन्हा सील केली. आता 'डेटा मिळत नाही' एवढं लिहिलं की फाइल कायमची बंद. मी पेन उचललं... आणि त्या पिशवीत फोन वाजला.

बारीक, किरकिरा गजर. मिनिटभर. घड्याळात पाच वीस. आप्पा उभे राहून, हात जोडून रडत होते.

"आक्काचा जेवणाचा गजर हाय ह्यो. दिवस बुडायच्या आत जेवायची ती."

दुसऱ्या दिवशी मी हट्टालाच पेटले. मेमरीची चिप बोर्डावरून सोडवली. तीन खेपा फसल्या, चौथ्यांदा वाचली गेली. त्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे, त्यातलं शेवटच्या कॉलचं रेकॉर्डिंग मिळालं. शेजारी म्हणत होता, "सांजच्याला एकटीच विहिरीवर ये आक्का, मिटवून टाकू."

गजरही सापडला. पण तो सव्वासहाचा! आप्पांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, "त्यो उन्हाळ्यातला. थंडीत दिवस लवकर बुडतोय न्हवं? आक्का टाइम बदलायची."

त्यावरून शेजाऱ्यावर खुनाचा खटला उभा राहिला आणि यंदा माझी साक्ष झाली. शपथ घेतली. आरोपीच्या वकिलांनी कन्नडमध्ये विचारलं, "तुमच्या ताब्यात असताना हा फोन एकदा तरी चालू झाला होता?" मागच्या बाकावर आप्पा बसले होते. हो म्हटलं असतं, तर रेकॉर्डिंगवर पाणी पडलं असतं.

मी म्हटलं, "नाही."

बाहेर आल्यावर आप्पा हळूच म्हणाले, "खोटं न्हाय बोलला म्याडम. बॅटरीच न्हवती की."

खरंय. रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात तसं लिहिलंय. तरी 'नाही' म्हणताना जीभ जड झाली होती, ती अजून हलकी झालेली नाही. आम्ही दोघांनी काय ऐकलं ते मी सांगू शकते. ते कशानं वाजलं, हे मला आजही माहीत नाही.