हॅमस्टरला सोबत

परवा दादरच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात मी पुतणीला ऐटीत सांगितलं, “हॅमस्टर म्हणजे छोटा ससाच.” दुकानदार हसला, “काका, हा उंदराच्या कुळातला. दात मरेपर्यंत वाढतात.” पिंजऱ्यातल्या भुशाच्या वासाने मी मात्र थेट काळाचौकीच्या जुन्या खोलीत पोचलो.

तेव्हा तिथे लेकीने पाळलेला हॅमस्टर एकटाच होता. एका खोलीत सहाजण झोपणाऱ्या आम्हाला ते बघवेना. आई म्हणाली, “एकटो जीव झुरतलो रे, जोडीदार आण त्येका.” मी लगेच आणला. सकाळी पहिला गालांत दाणे भरून निवांत बसला होता आणि जोडीदाराचं डोकं अर्धं कुरतडलेलं होतं. या प्राण्याला एकटंच राहायचं असतं, हे आम्हाला कुठे ठाऊक!

लेक रडत होती. बायको पिंजरा धूत म्हणाली, “मला आणि सासूबाईंनाही तुम्ही असंच एकत्र ठेवलंत. नशीब, आमचे दात वाढत नाहीत.”