वेणीफणीची ओळ

ये गो, हे वाचताना माझ्याजवळच बसलीस असं समज. वडाळ्याला राहायला गेलीस तरी गाल अजून फुगलेलेच? स्वतः आई झालीस, आता तरी रुसणं सोड बघू.

त्या दुपारी तू फणी नि तेलाची बाटली घेऊन आलीस आणि मी दार उघडलं नाही. आतूनच म्हटलं, "आज नाही, घरी जा." नववा महिना तुझा, माहेर लांब कणकवलीला. तुला लागणारच. पण कारण ऐक.

आपल्या लालबागच्या चाळीत दुपारी बायका गॅलरीत एकीमागे एक बसायच्या, पुढचीचे केस मागची विंचरायची. माझा हात हलका, म्हणून प्रत्येकीचं डोकं शेवटी माझ्याच पुढ्यात. त्या आठवड्यात तापाची साथ आली. कोणी म्हणे पाणी खराब, कोणी म्हणे गटार.

माझी नात माकडांचा अभ्यास करते. जंगलात बसून कोण कोणाच्या उवा काढतं ते वहीत लिहायचं, हे तिचं काम! ती आली, आमची ओळ बघून हसली. "आजी, माझी माकडं अशीच बसतात. जिच्याकडे सगळी येतात, तिच्याकडून रोग चहूकडे जातो." मग कॅलेंडरच्या पाठीवर आजारी बायकांचे नि त्यांच्याजवळ बसलेल्यांचे ठिपके काढले, कोण कोणाजवळ बसली त्या रेघा ओढल्या. सगळ्या रेघा एकाच ठिपक्याला.

"ही कोण भवानी?"

"तूच की!"

तेवढ्यात तुझी कडी वाजली. खरं सांगायची लाज वाटली गो. संध्याकाळी मलाही कणकण आली, तेव्हा वाटलं, बरं झालं तुला हात लावला नाही.

मी तर ओळ कायमची बंद करायला निघाले होते. नात म्हणाली, "नको. एकटं पडलेल्या माकडाचेही हाल होतात. घोळका लहान कर." मग जोड्या लावल्या, एकीला एकच सोबतीण. तुझी वेणी सासूबाईंनी घालावी, हा निरोप माझाच होता. "सासूबाई वेणी घालतात की दोरखंड वळतात," असं तू चाळभर सांगत होतीस, कळलंय मला!

ताप हळूहळू ओसरला. तुझी पोर ठणठणीत जन्मली, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. बायका आता पुन्हा बसतात, पण शिंक आली की आपणहून उठतात.

तुझ्या पोरीला मी अजून मांडीवर घेतलेलं नाही. या रविवारी नाही तर पुढच्या, पण लवकर ये गो. सासूबाईंनाही आण, माझ्याशी भांडायला इथे कोणी उरलं नाही.