सेठच्या नावावर खपवलेला माणूस

शालिग्राम ढोमणे यांना जबलपुरात कुणी ओळखत नाही. ‘सेठ’ म्हटलं की मात्र कांचघर चौकातला पानवालाही घर दाखवतो. याचा मला संताप येतो आणि तो मी लपवणार नाही.

चाळीस वर्षांपूर्वी एक सिनेमा आला. त्यातला सेठ नावाचा गुंड माणूस मारण्याआधी मनगटावरच्या घड्याळाला किल्ली द्यायचा आणि म्हणायचा, “टाइम पूरा.” त्याची डावी पापणी अर्धी मिटलेली असायची. एवढ्याशा भांडवलावर त्याने अख्ख्या गावाला वेड लावलं. सलूनमध्ये सेठ कटिंग, रिक्षाच्या पाठीवर सेठचा डोळा, पोराच्या वाढदिवसाच्या केकवर सेठचं घड्याळ. परवा एका लग्नात अंतरपाट सरकल्यावर नवरदेवाने हार घालायच्या आधी घड्याळाला किल्ली दिली, तर भटजीसुद्धा हसले. नट आवडतात, मलाही आवडतात. पण मारणाऱ्याचं नाव सगळ्यांना तोंडपाठ आणि वाचवणाऱ्याचं कुणालाच ठाऊक नाही, हे कुठलं शहाणपण?

कारण शालिग्रामरावांचीही डावी पापणी अर्धी मिटलेली आहे. ते रांझीच्या कारखान्यात कामगार होते. पट्टीचे पोहणारे, म्हणून सुट्टीच्या दिवशी आणि पर्वणीला ग्वारीघाटावर स्वतःहून पहारा द्यायचे. नर्मदेतून त्यांनी एकोणीस जणांना जिवंत बाहेर काढलं. एका पुरात बुडत्या बाईला ओढून आणताना नावेच्या बांबूचं टोक डोळ्यावर बसलं. टाके पडले, पापणी तशीच राहिली. ते दवाखान्यातून घरी आले तेव्हा हा सिनेमा नुकताच लागला होता. कारखान्यात कुणीतरी गमतीने सेठ म्हणून हाक मारली आणि ती जन्माची चिकटली. मीही शेजारी राहायला आल्यावर दोन वर्षं त्यांना सेठजीच म्हणत होते. त्यांच्या बायकोने, सत्यभामाबाईंनी, एकदा डोळ्याची ही हकिगत सांगितली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून यंदा गणेशोत्सवात इथल्या आमच्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार करावा असा हट्ट मीच धरला. मानपत्रही मीच लिहिलं; तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्याचा तेवढा उपयोग. सत्यभामाबाईंचं एकच मागणं होतं.

“वसुधाताई, त्या दिवशी तरी त्यायले त्यायच्या नावानं बोलवा. पंच्याहत्तर वर्षांचे झाले. मेल्यावरच नाव ऐकू येईन का?”

मी शब्द दिला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृहात पाऊल टाकलं तर मंचावर आठ फुटी फ्लेक्स. सेठचा सूट, सेठचं घड्याळ, वर शालिग्रामरावांचं तोंड आणि खाली ‘टाइम पूरा’. नावाचा पत्ता नाही. मंडळाचा चिटणीस प्रथमेश आमच्याच समाजातला, चांगला इंजिनियर झालेला. त्याला गाठलं.

“हे काय करून ठेवलंस?”

“काकू, लोगों को मजा आना चाहिए ना. आणि तुमचं मानपत्र लई लांब आहे. मराठी कोण समजून राहिलं इथं? मी दोन लाइन हिंदीत बोलून देतो.”

“त्यांचं नाव तरी घेशील?”

“असली नाव क्या है उनका?”

मानपत्र चार दिवस त्याच्या खिशात होतं आणि नाव पहिल्याच ओळीत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडेपर्यंत तो माईकपाशी पोहोचला होता.

शिट्ट्यांमध्ये ‘सेठजी’ असा पुकारा झाला. शालिग्रामराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून वर गेले. शाल झाली, नारळ झाला.

“सेठजी, एक बार डायलॉग हो जाए,” प्रथमेश म्हणाला.

ते कसंनुसं हसले आणि मनगट उचलू लागले. इतकी वर्षं ते हेच करत आले होते, कुणाचं मन मोडू नये म्हणून.

तेवढ्यात सत्यभामाबाई उठल्या. पदर खोचून मंचावर चढल्या आणि प्रथमेशच्या हातातून माईक काढून घेतला. हळदीकुंकवाला बायका नवऱ्याचं नाव घेतात, तसं त्यांनी भर सभेत घेतलं. लाजत नव्हे, रागाने.

“पुरात उडी घेतली, जिवाची नाही केली तमा,
शालिग्रामरावांचं नाव घेते, मागत नाही क्षमा.”

पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवून शालिग्रामरावांकडे पाहिलं. मागच्या पोरांना काही कळलं नाही. प्रथमेशने माईक परत घेतला.

“वाह, काकी का डायलॉग तो सेठ से भी हिट है. तालियां.”

आणि टाळ्या पडल्या, खरंच पडल्या. लाज वाटायला हवी होती, तिथे टाळ्या.

शालिग्रामरावांनी हात खाली घेतला. अंगावरची शाल काढून तिची नीट घडी केली, तिच्यावर नारळ ठेवला आणि दोन्ही प्रथमेशच्या हातात दिलं.

“हे सेठचं आहे, भैया,” ते म्हणाले. “तो आला की त्याले देऊन देजो.”

मग बायकोचा हात धरून ते मंचाच्या पायऱ्या उतरले.