जावेच्या कुंडीतली कॅमेलिया

धाकट्या जावेच्या कॅमेलियाला कळ्या आल्या, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही. खोटं कशाला बोलू? पोटात दुखत होतं, आणि ते ओव्याने थांबणारं दुखणं नव्हतं.

तिचा मुलगा बेंगळुरूला नोकरीला आहे. गेल्या वर्षी त्याने या फुलझाडाच्या दोन कुंड्या आणल्या, एक त्याच्या आईला, एक मला. ठेंगणी जात, गुडघ्याच्या वर जात नाही, आणि फुलते ऐन थंडीत. "अर्ध्या सावलीत ठेव, मोठी आई," असं सांगून तो पुढे पाण्याचं काहीतरी बोलायला लागला. मी त्याला थांबवलं. जिच्या जास्वंदीचं गल्लीभर कौतुक होतं, तिला झाडं कोण शिकवणार? मला मूल नाही. हा लहानपणी माझ्या ताटात जेवला, माझ्या कुशीत झोपला. संक्रांतीला तो येईल तेव्हा फूल माझ्या कुंडीत दिसायला हवं होतं, तिच्या नव्हे.

मी कुंडी कडुनिंबाखाली ठेवली आणि रोज बोअरचं पाणी पोटभर पाजलं. आमच्या सोलापुरात नळाचं पाणी काही दिवसांतून एकदा येतं. ते पिण्यासाठी भरून ठेवायचं. झाडाला घालणारी बाई उधळी ठरते. जावेचं घर भिंतीपलीकडे, तिच्याकडे बोअर नाही. मागे तिने माझ्या बोअरवरून एक पाइप मागितला होता. मोटर जळेल, असं सांगून मी टाळलं. मोटर काही जळणार नव्हती.

दिवाळीपर्यंत माझ्या झाडाची पानं कडेने करपली, मातीवर पांढरा थर धरला. तिचं झाड मात्र तुकतुकीत. तिच्या अंगणात दुपारची सावली पडते, तीही माझ्याच घराची! शेवटी मी भिंतीवरून विचारलं, "काय घालतेस गं?"

"काय न्हाय अक्का, नुसतं पाणी."

लबाड, मी मनात म्हटलं. मग शेणखत घातलं, ताक ओतलं, चहाचा चोथाही टाकला. चोथा साखरेचा, त्यामुळे मुंग्या तेवढ्या आल्या. डिसेंबर संपेपर्यंत माझ्या झाडाची काडी झाली.

संक्रांतीच्या आधी तिची आई आजारी पडली आणि तिला माहेरी, मंद्रूपला जावं लागलं. जाताना तिने फुललेली कुंडी माझ्या कडुनिंबाखाली आणून ठेवली, सोबत नळाच्या पाण्याची घागर.

"दोन दिस बगा की अक्का. पर बोअरचं नका घालू, त्यातल्या खारानं मुळं जळत्यात. माज्याकडं बोअर न्हाय म्हणून वाचलं हे. आमी तांब्याभर कमी प्यालो, तेवढंच."

म्हणजे मी पाइप दिला असता तर तिचंही झाड गेलं असतं. हे कळल्यावर मला शरम वाटायला हवी होती. मला फक्त राग आला, पाइप दिला नाही याचा.

पुतण्या दुसऱ्याच दिवशी आला, न कळवता. बॅग खाली ठेवायच्या आत कुंडीपाशी जाऊन बसला. पाच गुलाबी फुलं होती.

"मोठी आई, हे तुझं?"

"माझं," मी म्हटलं.

"आणि आईचं?"

मी भिंतीशी सारलेल्या माझ्या कुंडीतल्या काडीकडे बोट दाखवलं. "तिला जमलं नाही रे. मंद्रूपला जाताना तिची कुंडीही इथेच ठेवून गेली."

त्याने मला मिठी मारली. फुलांचा फोटो काढून आईला पाठवला आणि तिथूनच तिला फोन लावला, स्पीकरवर. "आई, बघितलंस का? मोठ्या आईच्या झाडाला पाच फुलं! तुझं तर पार वाळलं की गं."

मी त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिले.

"व्हय रे," ती म्हणाली. "मला कुटं जमतंय. अक्काचा हातच लई गुणाचा हाय."

तो हसला. मला सात जन्मांत असं बोलता आलं नसतं, आणि त्यासाठी मी आजही तिच्यावर जळते.