गप्प घरात हलव्याला काटा येत नाही

गणेशचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या आमच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. गणेश म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, अक्कांचा, मुलगा; तोही आईला अक्काच म्हणायचा. कळंबजवळच्या वस्तीवरून अवेळी फोन आला की मला आधी बिबट्या आठवतो, मग मी नाव बघते. "काकी, अक्का गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं? रानात?" तो म्हणाला, "न्हाय काकी, घरातच. रातच्याला झोपली ती सकाळी उठलीच न्हाय." लिहायला अवघड जातंय, पण खरं तेच सांगते. अक्का गेल्याचं दुःख पोचायच्या आधी मला हायसं वाटलं. बिबट्यानं नाही. आपल्या अंथरुणात, पांघरूण घेऊन गेल्या. मग मात्र मी तिथंच ओल्या कपड्यांच्या बादलीशेजारी बसले आणि रडले.

दहाव्याला जमलेल्या भावकीत जो तो म्हणत होता, "लई धीराची बाई हुती." माणूस गेल्यावर चार चांगले शब्द बोलतात, त्यात मोडता कशाला घालायचा! पण अक्कांइतकी भित्री बाई मी जन्मात पाहिली नाही. कुकर लावला की पहिली शिट्टी होईपर्यंत त्या अंगणात जाऊन उभ्या राहायच्या. पाल दिसली की पदर डोक्यावर घेऊन खोलीच्या बाहेर. वीज कडाडली की दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, हाका मारून घरात बोलवायच्या आणि ते आले की म्हणायच्या, "काय न्हाय, च्या ठिवलाय." लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा मला याचं हसू यायचं. त्या एका हिवाळ्यानंतर मी कधी हसले नाही, आणि त्या हिवाळ्याबद्दलच लिहायचं म्हणून आज बसले आहे.

मुक्ता, माझी मुलगी, तेव्हा चार वर्षांची होती. साथीमुळे बालवाड्या बंद होत्या. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, म्हणून संजयनं, माझ्या नवऱ्यानं, आम्हा दोघींना वस्तीवर आणून ठेवलं. अक्कांनी लेकीसारखं केलं माझं. संजय एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला. रोज मोटारसायकलवरून बारामतीला जायचा आणि दिवस मावळल्यावर परत यायचा. वस्ती रानात. तीन बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला अंगण आणि पुढं कालव्याकडं जाणारी कच्ची वाट. उसाची तोडणी सुरू झाली तशी लपायला जागा कमी झाली, आणि बिबट्या घरांकडं सरकायला लागला. आधी नुसत्या बातम्या होत्या, बावड्याकडं दिसला, अमक्याच्या केळीत दिसला. मग एका सकाळी आमचा मोत्या दिसला नाही. साखळी होती, पट्टा होता, आणि गोठ्यापासून उसापर्यंत मातीत ओढत नेल्याच्या खुणा होत्या. ते पहिल्यांदा पाहिलं मुक्तानं. दूध प्यायला उठलेली पोर दारात उभी होती आणि कुणाचं लक्षच नव्हतं.

त्या दिवसापासून मुक्तानं उंबरा ओलांडला नाही. अंगणात ऊन पडलेलं असायचं, अक्का बोलवायच्या, दादा बोलवायचे, ही दाराची चौकट धरून उभी. अंथरूण ओलं करायला लागली. बोलणं कमी झालं. आणि संध्याकाळ झाली की एकच प्रश्न... "बाबाला कुत्र्यासारखं नेलं तर?" माझ्याही मनात तोच प्रश्न असायचा. वनखात्याची माणसं पिंजरा लावून गेली होती, त्यात बांधलेली शेळी ओरडायची, आणि ती ओरडायची थांबली की आमच्या सगळ्यांचे कान टवकारायचे. ऊस वाऱ्यानं सळसळला तरी कुणीतरी उठून दाराची कडी बघायचं. पोटातलं बाळ हललं नाही की वाटायचं, माझ्या भीतीनंच त्याला काही झालं.

संक्रांत जवळ आली तेव्हा एका संध्याकाळी अक्कांनी शेगडी स्वयंपाकघराच्या मधोमध आणून ठेवली, तिच्यावर परात ठेवली आणि म्हणाल्या, "यंदा मुक्तीचं बोरन्हाण करायचं. पाच वर्षांच्या आत एकदा तरी झालं पायजे." मी म्हटलं, "अक्का, ह्या दिवसांत कुठं..." त्या म्हणाल्या, "ह्या दिवसांतच. बिबट्या काय पंचांग बघून येतो व्हय?" आणि त्या हलवा करायला बसल्या. ज्यांनी घरी हलवा केलाय त्यांना ठाऊक आहे, हे काम चिकाटीची परीक्षा बघणारं. मंद निखाऱ्यावर परातीत तीळ घ्यायचे, वर चमचाभर साखरेचा पाक घालायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी तीळ फिरवत राहायचे. मग पुन्हा चमचाभर. असं रोज थोडं थोडं, कितीतरी संध्याकाळी. थंडी चांगली पडली असेल तर हळूहळू एकेका दाण्याला पांढरा काटा फुटतो.

मुक्ता माझ्या कुशीतून बघत होती. अक्कांनी तिच्या हातात पितळी ताट आणि उलथनं दिलं. "वाजीव," म्हणाल्या. "गप्प घरात हलव्याला काटा येत न्हाय. त्याला वाटतं, ह्या घरात सणच न्हाय, मग कशाला फुलायचं?" मुक्तानं आधी हळूच वाजवलं. "आगं जोरात! परातीतल्याला ऐकू गेलं पायजे!" मग तिनं जोरात वाजवलं. मला पातेलं आणि डाव मिळाला. दादांसारखा दिवसातून चार वाक्यं बोलणारा माणूस उंबऱ्याच्या आत बसून तेलाचा रिकामा डबा बडवायला लागला. अक्का त्यांच्या त्या चिरक्या आवाजात येतील ती गाणी म्हणायच्या, गाणी संपली की ओव्या, ओव्या संपल्या की आरत्या. दिवे लागल्यापासून संजयची गाडी अंगणात येईपर्यंत हा गोंधळ. गाडी थांबली की अक्का परात खाली उतरवायच्या आणि म्हणायच्या, "झालं. आता हलव्याला निजू दे."

असलं काही माझ्या माहेरी कधी ऐकलं नव्हतं, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मला कळलं हा गलका कशासाठी ते. माणसांचा आवाज असेल तर जनावर घराजवळ येत नाही, आणि वाटेवरच्या माणसाला घर जागं असल्याचं कळतं. अक्का आणि मी त्याबद्दल कधीच बोललो नाही. फक्त एकदा मी त्यांची बोटं बघितली, टोकांना फोड आले होते. परातीची कड त्यांना सारखी लागत होती, कारण बघत होत्या परातीकडं आणि ध्यान सगळं वाटेकडं. मी मलम लावायला गेले तर हात मागं घेतला. "भ्या वाटतंय गं," एवढंच म्हणाल्या. "लई भ्या वाटतंय. पर ते पोरीच्या तोंडावर दिसतंय ना, ते मला बघवत न्हाय."

मग ती संध्याकाळ आली, संजयला उशीर झाला ती. फोन लागत नव्हता. मुक्ता दमली, ताट मांडीवर घेऊन बसली. अक्का म्हणाल्या, "वाजीव माझ्या राणी, काटा अजून कच्चा हाय." काटा कच्चा नव्हता, केव्हाच उमलून आला होता. पण परात उतरवली तर आवाज थांबवावा लागला असता, म्हणून अक्का पाक घालत राहिल्या, एकावर एक चमचा. दाणे फुगले, एकमेकांना चिकटले, सुबक हलव्याचे ओबडधोबड खडे झाले. एवढ्या दिवसांची मेहनत वाया चालली होती आणि आम्ही सगळे बडवत होतो. गणेश बॅटरी घेऊन निघाला तर दादांनी त्याचा दंड धरून ठेवला. माझ्या पोटात कळ आली आणि मी कुणाला सांगितलं नाही...

गाडीचा आवाज आला तेव्हा अक्का हातात चमचा तसाच धरून भिंतीला टेकल्या. संजय आत आला तो पांढराफटक पडून. मुक्ता त्याच्या पायांना चिकटली. आमच्याकडं बघत, तिला कळणार नाही असं, तो एवढंच म्हणाला, "कालव्याच्या पुलावर होता. मधोमध बसलेला." नंतर कळलं, तो गाडी चालू ठेवून, दिवा तसाच लावून उभा राहिला होता. मागं फिरायचीही हिंमत नव्हती. वस्तीवरचा बडवण्याचा आवाज त्याला तिथं ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं ते जनावर उठलं आणि सावकाश उसात गेलं. आवाजामुळं गेलं की कंटाळून गेलं, कुणाला ठाऊक. मुक्तानं विचारलं, "बाबा, उशीर का केला?" अक्का म्हणाल्या, "तुझ्या हलव्यासाठी थंडी आणाया गेलता, कालव्यावरनं. थंडीबिगर काटा येतो का? बघ त्याचं हात." मुक्तानं बापाचे हात आपल्या गालाला लावून बघितले. बर्फासारखे होते. "खरंच आणली!" ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

बोरन्हाण भर दुपारी केलं, अंगणात, उन्हात. त्या ओबडधोबड खड्यांचे दागिने अक्कांनी दोऱ्यात ओवले होते. हार एकीकडं जाड, एकीकडं बारीक. बांगडी म्हणावी तर कडं. काळ्या परकरावर ते दागिने घालून मुक्ता दारापर्यंत आली आणि चौकट धरून थांबली. उसाच्या कडेला दादा, गणेश आणि संजय काठ्या घेऊन उभे होते. "ते तुझं भालदार," अक्का म्हणाल्या. "आज तुझं राज्य हाय." शेजारच्या वस्त्यांवरची पोरं पाटाभोवती गोळा झाली होती. मुक्ता बघत राहिली... मग उंबरा उतरली. तिच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, गोळ्या सांडल्या आणि पोरांची एकच झुंबड उडाली. राणीसाहेब पाटावरून उठून स्वतःच बोरं वेचायला खाली बसल्या. अक्का उसाकडं पाठ करून, पदर पसरून पोरांच्या मागं उभ्या होत्या. मी त्यांच्याशेजारी खुर्चीत होते, म्हणून त्यांचा पुटपुटत चाललेला देवाचा धावा मला ऐकू येत होता.

बाळ नीट झालं. ओम, आता चार वर्षांचा आहे. मुक्ता नऊ वर्षांची झाली. बारामतीच्या घरी ती दर संक्रांतीला गॅसवर हलवा करायला लावते आणि ताट बडवते. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू चौकशीला आल्या, तर तिनं त्यांना गंभीरपणे सांगितलं, आवाजाशिवाय काटा येत नाही. त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "आमच्याकडची पद्धत आहे." खोटं नव्हतं ते.

यंदा ओमचं बोरन्हाण राहिलेलं. माणूस गेल्यावर वर्षाच्या आत घरात सण करत नाहीत, म्हणून मी विषयच काढला नव्हता. दादांनीच फोन केला. "पोराचं वय काय थांबत न्हाय," म्हणाले, "हितंच या." मला जायची भीती वाटत होती. बिबटे कमी झालेले नाहीत, वाढलेच आहेत, आणि आता अक्का नाहीत. तरी गेलो. काल संध्याकाळी मी शेगडी पेटवली, परात ठेवली. ओमच्या हातात डबा दिला आणि त्याला हलव्याची गोष्ट सांगितली, अक्का सांगायच्या तशी. संजय कामावरून निघाल्याचा फोन येऊन गेला होता, बाहेर अंधार पडला होता, ऊस सळसळत होता. मी चमच्यानं पाक घातला तो परातीबाहेर सांडला. मुक्तानं ताट वाजवायचं थांबवलं, माझ्याजवळ सरकून बसली आणि ओमला ऐकू जाणार नाही अशा बेतानं माझ्या कानात म्हणाली, "आई, तू परातीकडं बघ. बाहेरचं मी ऐकते. अक्का पाक घालायची ना, तेव्हासुद्धा मीच ऐकायचे."

आणि तिनं पुन्हा ताट उचललं.