डाव्या तळहातावर

तुमच्या आईबाबांनी तुम्हाला सांगितलं, आजीचं पोटाचं छोटंसं ऑपरेशन झालं. तुम्ही एवढ्या लांब, उगाच घाबराल म्हणून सांगितलं असणार. पण ते छोटं नव्हतं, आणि त्या दिवशी तुमच्या धाकट्या आजीनं काय केलं हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही. ती स्वतः तर मुळीच नाही. म्हणून पहिल्यापासून नीट लिहिते.

सुरुवात खिरीपासून झाली. घरी पाहुणे होते, गव्हाची खीर केली होती. तुमचे दोन्ही आजोबा गेल्यापासून आम्ही दोघी जावाच या घरात राहतो. ती मला अक्का म्हणते, आणि तूप वाढताना माझं 'पुरे' तिला ऐकू येत नाही. त्या संध्याकाळी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, ते पाठीतून खांद्यापर्यंत जायचं. आमचं दोघींचं एरवी कशावर एकमत होत नाही, पण इथं लगेच झालं: पित्त. मग आमसुलाचं सार झालं, ओवा झाला, थंड दूध झालं. दुखणं जरा बसलं की मी म्हणायची, उतरलं.

उतरलं काहीच नव्हतं. यकृताखाली पित्ताशयाची छोटी पिशवी असते. माझ्या पिशवीत खडे होते, त्यातला एक तिच्या तोंडाशी अडकून बसला होता आणि आत सगळं सुजून नासत चाललं होतं. माझ्यासारख्या मधुमेहाच्या माणसाला दुखणं कळतं कमी आणि वाढतं जास्त, हे मला नंतर समजलं.

धाकटीला मात्र टॉवेलांवरून समजलं. दोरीवरचे टॉवेल काढून मी, कधी नव्हे ते, घड्या न घालता खुर्चीवर टाकले होते. ती दारातच थांबली.

"अक्का, हे काय?"

"घालते मग."

"मग? तुमी?" तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "अगं बाई, तवा झालाय की! आणि दात वाजाय लागल्यात. हे पित्त-बित्त काय न्हाय. उठा."

"जरा पडते आणि..."

"पडायचं ते दवाखान्यात पडा. गाडी बोलावतो."

(बोलावतो, जातो, येतो. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. हसू नका.)

दवाखान्यात सोनोग्राफी झाली, मग स्कॅन. सर्जन तुमच्या आईच्या वयाच्या एक बाई होत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसल्या.

"आजी, स्पष्ट सांगते. पिशवीत पू झालाय. तिची भिंत एका ठिकाणी काळी पडलीय, सडतेय. फुटून पू पोटभर पसरला तर जिवावर बेतेल. आजच काढू. आधी दुर्बिणीतून बघते, नाही जमलं तर पोट उघडावं लागेल."

मी शंका विचारल्या, त्यांनी न कंटाळता उत्तरं दिली, मी सही केली. सगळं शिस्तीत. मग सिस्टर म्हणाल्या, "गळ्यातलं काढा आजी," आणि माझी शिस्त तिथंच संपली.

माझ्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं, ते तुम्ही पाहिलंय. आमच्यात ते लहानपणीच गळ्यात येतं आणि अंगावेगळं करायचं नसतं. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. मी कॉन्व्हेंटात शिकले, जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. मला वाटायचं, आपण हे नुसत्या सवयीनं घालतो. पण आता दोऱ्यावरची माझी मूठ सुटेना.

डॉक्टरांनी समजावलं. विजेच्या उपकरणानं रक्त थांबवतात, अंगावर धातू चालत नाही. डबीतून काढून दंडाला बांधावं, तर दोन्ही हात त्यांना लागणार. ताप चढत होता. "वेळ जातोय हो आजी," त्या म्हणाल्या. मला ते कळत होतं. तरीही मी मान हलवत राहिले.

तेव्हा धाकटीनं पदर खोचला. "द्या हिकडं."

"कुठंतरी खाली ठेवशील."

"ठेवतोय कशाला? हातावर धरून बसतो. तुमी भाईर येईपर्यंत पूजाच चाललीया म्हणायचं."

"आणि तुझा चहा? पूजा होईपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नसतं."

"मरू दे चहा! आधी जगा, मग चहाचं बघू."

तिनं डबी उघडली, लिंग आपल्या डाव्या तळहातावर घेतलं. संधिवातानं वाकडी झालेली बोटं आहेत ती. माझी मूठ सुटली आणि मला आत नेलं.

आत काय झालं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पिशवीला भोक पडलंच होतं, पण पोटातल्या चरबीचा पडदा तिथं चिकटून बसला होता, म्हणून पू पसरला नाही. सगळं एकमेकांना इतकं चिकटलेलं होतं की दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागलं. पिशवीच्या मानेपाशी पित्ताची मुख्य नळी असते, ती त्यांना ओळखू येईना. तिथं ओढाताण केली असती तर नळी कापली गेली असती. म्हणून पिशवीचा तेवढा काठ त्यांनी ठेवला, साफ करून शिवला आणि घाण बाहेर यायला एक नळी बसवली.

"म्हणजे अर्धवट?" मी विचारलं.

"अर्धवट नाही आजी, बेतानं."

त्या बाईंचं हे बेतानं वागणं आठवलं की मी मनातल्या मनात त्यांना हात जोडते.

मला वॉर्डात आणलं तेव्हा धाकटी आली. डावा हात पुढे, त्यावर उजव्याची ओंजळ. सिस्टर म्हणाल्या, या बाकावरून हलल्याच नाहीत, पाणीसुद्धा नाही. लिंग माझ्या गळ्यात परत घालायचं, तर तिची बोटं उघडेनात. सिस्टरनी एकेक बोट हळूच सरळ केलं.

"किती येळ लावलासा!" ती माझ्यावरच ओरडली. "हात गेला की माझा!"

मी तिचा पदर तेवढा धरला.

आता टाके सुकलेत, तूप बंद आहे. रोज सकाळी आमच्या पूजा झाल्या की मी तिचा डावा हात मांडीवर घेते आणि बोटांना कोमट तेल चोळते. ती म्हणते, "पुरे की अक्का."

मला ऐकू येत नाही.